वरचा सारांश बदलला की खालचा मूळ मजकूर बदलावा का? (एआय आणि थरांचे अहवाल)

वळीव | मंगळवार, रात्री १०:१५

मी पाणलोटाच्या कामांचे अहवाल लिहिते आणि तपासते. यंदा माण-खटाव भागातल्या १४ गावांचं काम माझ्याकडे आहे. आमचा कागद चार थरांचा असतो. सगळ्यात खाली गावात बसून उतरवलेल्या नोंदी: कोण बोललं, कुठे बसून बोललं, काय बोललं. या ३१० पानं भरल्या. त्यावर दर गावाचं तीन-चार पानी टिपण. त्यावर २२ पानांचा अहवाल. आणि माथ्यावर एकच पान, जे बैठकीत साहेबांपुढे जातं. २२ पानं वाचणारे थोडे, ३१० वाचणारं कुणीच नाही. कोणत्या गावात आधी काम आणि कुठे टँकर, हे त्या एका पानावर ठरतं. म्हणून त्या पानातल्या प्रत्येक शब्दाला खाली आधार हवा, याबद्दल मी फार आग्रही आहे.

आजवर हे सगळं हाताने करायचे. खाली एक आकडा चुकला की वर तीन ठिकाणी शोधून दुरुस्त करायचा, आणि एखादं ठिकाण हमखास सुटायचं. यंदा एआयवर चालणारं एक साधन घेतलं. चारही थर त्यात एकत्र राहतात. खालच्यावरून वरचा थर ते तयार करतं, आणि कुठल्याही थरात दुरुस्ती केली की बाकीचे थर त्याप्रमाणे जुळवून घेतं.

पहिले दोन आठवडे मला अक्षरशः हायसं वाटलं. एका गावात सलग समतल चरांचं (उतारावर पाणी अडवायला खोदलेल्या चरांचं) क्षेत्र २८ हेक्टरऐवजी ८२ पडलं होतं. खाली आकडा बदलला, लगेच टिपण, अहवाल आणि माथ्याचं पान अशा तिन्ही ठिकाणी तो कुठे कुठे येतो ते दाखवलं. हे काम मला पूर्वी अर्धा दिवस पुरायचं.

मग माथ्याच्या पानावरचं एक वाक्य वरिष्ठांना मोघम वाटलं. वाक्य असं होतं: 'नऊ गावांत उन्हाळ्यात पाणी कमी पडते, उरलेल्या पाच गावांत परिस्थिती बरीच सुधारली आहे.' ते म्हणाले, सरळ लिहा. मी लिहिलं, 'नऊ गावांत टंचाई कायम. पाच गावे टंचाईमुक्त.' आणि थर जुळवायला सांगितले. जुळले.

चार दिवसांनी एक उद्गार हवा म्हणून खालच्या थरात गेले. एका वाडीतल्या आजी. आडाच्या कठड्यापाशी बसून आम्ही बोललो होतो, आणि ते वाक्य मी माझ्या वहीत पेनाने लिहून घेतलं होतं: 'यंदा आडाला पाणी हाय, पर पाडव्यापतोर. म्होरं टँकर येतो म्हणं.' फाइलमध्ये आता होतं: 'यंदा आडाला पाणी आहे.' बस्स, एवढंच. तिची वाडी त्या पाच गावांतल्या एका गावाची. माथ्यावर 'टंचाईमुक्त' लिहिल्यावर पाडव्याचं आणि टँकरचं तिथे जुळेना, म्हणून ते गेलं. जाता जाता तिची बोलीही गेली.

मग झोप लागेना. एकेक वही काढून फाइलशी ताडून पाहायला लागले. दुसऱ्या गावात एक शेतकरी म्हणाला होता, 'मोटार दोन तास चालती.' आपल्याकडे विहिरीचं पाणी तासांत मोजतात. मोटार दोन तास चालते म्हणजे दोन तासांत विहीर उपसून कोरडी पडते, पुन्हा पाझरून भरेपर्यंत थांबावं लागतं. टिपणात याचं झालं, 'विहिरीतून दररोज दोन तास पाणी उपलब्ध.' अहवालात, 'सिंचनासाठी नियमित पाणी.' ही चूक खालून वर जाताना झाली, म्हणजे तिकडचीही वाट निर्धोक नाही. पण ती मला सापडली, कारण मूळ वाक्य खाली जसंच्या तसं होतं. आजींचं वाक्य मात्र, वही नसती तर, कायमचं गेलं असतं.

तर माझं मत असं बनत चाललंय: खालून वर बदल जाऊ द्यावा, तपासून. वरून खाली बदल कधीच जाऊ नये. फार तर प्रश्न जावा, की 'वर असं लिहिलंय, खालचं याच्याशी जुळत नाही, काय करायचं?' इथे थरांचे कागद हाताळणारे बरेच जण आहेत. तुम्ही कसं करता, मनापासून जाणून घ्यायचं आहे.

रेघ | मंगळवार, रात्री ११:०२

वळीव, फार महत्त्वाचा धागा. मी सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहितो, थोडं यंत्राच्या बाजूने सांगतो.

एकाच मजकुराकडे कमी-जास्त तपशिलात बघायचं ही कल्पना जुनी आहे. संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रात्यक्षिक दाखवलं, त्यात किराण्याची एक यादी होती. ती गटांत लावायची, मग नुसते गट दाखवायचे, पुन्हा उघडून आतल्या वस्तू दाखवायच्या. टेड नेल्सन यांनी १९६७ मध्ये ताणला की वाढणारा आणि सोडला की आखडणारा मजकूर अशी कल्पना मांडली होती. एंगेलबार्टच्या यादीत वरचा थर म्हणजे खालच्याचाच झाकलेला भाग होता. नवीन काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे कुठूनही दुरुस्ती केली तरी ती एकाच गोष्टीत व्हायची.

एआयचा सारांश तसा नाही. तो नव्याने लिहिलेला मजकूर आहे. ३१० पानांतून एक पान करताना जे गळलं ते त्या पानात कुठेच शिल्लक नसतं. आता त्या पानावरून खाली जायचं म्हटलं तर यंत्र गळलेलं परत आणू शकत नाही. या वाक्याखाली साधारण काय शोभेल, असा अंदाज करून ते लिहितं. पीठ झाल्यावर गहू कोणत्या शेतातला होता हे पिठाला विचारून कळत नाही. तुमच्या आजींचं वाक्य वरच्या वाक्याशी विसंगत होतं. 'जुळवून घे' असा हुकूम मिळाल्यावर यंत्राने विसंगती काढून टाकली. त्याला दिलेलं काम त्याने चोख केलं. दोष हुकमात आहे, आणि असा हुकूम एका बटनावर ठेवणाऱ्याचा आहे.

उपाय म्हणून दोन गोष्टी लगेच करा. तळातल्या प्रत्येक परिच्छेदाला कायमचा क्रमांक द्या आणि ती फाइल फक्त वाचण्यापुरती खुली ठेवा. यंत्राला तिथे लिहायची परवानगीच नको. दुसरं, सगळी ३१० पानं एकदम देऊ नका. लांब मजकुरात सुरुवातीचं आणि शेवटचं ही एआयची मॉडेलं नीट पकडतात आणि मधलं निसटतं, हे २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं. नंतरची मॉडेलं सुधारली असली तरी मी अजूनही तुकड्यातुकड्यानेच देतो. एकेक गाव द्या.

मोडी | बुधवार, सकाळी ७:४०

वळीव, तुमच्या आजींचं वाक्य वाचून गलबललं.

मराठीत हा प्रश्न पहिल्यांदा आलेला नाही. लीळाचरित्रात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या आठवणी, म्हणजे लीळा, गोळा केल्या. कोण होतं, कुठे घडलं, स्वामी काय बोलले. पुढे केसोबासांनी त्यांतली वचनं वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. म्हणजे तुमच्या भाषेत तळ आणि माथा. सूत्र पाठ करायला सोपं, पण प्रसंगाशिवाय ते कुणाला, कशावरून म्हटलं हे कळत नाही. म्हणून कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगातलं ते सांगणारी 'प्रकरणवश' ही रचनाही पंथात झाली. सूत्रावरून परत लीळेपर्यंत जायची वाट त्यांनी मुद्दाम राखली. सूत्राला शोभावी म्हणून लीळा बदलायची, हे त्या परंपरेत कुणाला सुचलंही नसतं.

आणि एकनाथ महाराज. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नकला करता करता लोकांनी आपल्या ओव्या घुसवल्या होत्या, पाठ बिघडले होते. शुद्ध करून झाल्यावर त्यांनी जे बजावलं ते सगळ्यांना ठाऊक आहे: यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची रिकामी करवंटी) ठेवली असं समजा. नाथांनी स्वतः कवी असून, समर्थ असून, आपली एक ओवी त्यात घातली नाही असं परंपरा मानते. संपादकाचं शील म्हणतात ते हे. यंत्र वापरा, जरूर वापरा, पण नरोटी कुठे ठेवली गेली हे दिसलं पाहिजे.

तिठा | बुधवार, सकाळी ९:२५

सगळ्यांचं पटतंय, तरी एक बाजू राहते आहे.

मी संस्थांना प्रस्ताव लिहून देतो, आणि तिथे मी वरूनच खाली जातो. आधी एक वाक्य: काय करायचं, कुणासाठी. ते पक्कं झालं की त्याचा परिच्छेद, त्याचे मुद्दे, मग प्रत्येक मुद्द्याचं पान. मधेच देणगीदाराने 'तीन वर्षं नको, दोन वर्षं' म्हटलं की वरचं वाक्य बदलतो आणि खालचं सगळं बदलावंच लागतं. कामांचा क्रम, खर्चाचा तक्ता, माणसं, सगळं. एआयने हे काम तासाभरात होतं आणि फार चांगलं होतं. लहान संस्थेत अहवालाला वेगळा माणूस नसतो. दिवसभर फिरून आलेली कार्यकर्ती रात्री जेवणं उरकून लिहायला बसते. तिला 'वरून खाली कधीच नाही' असं सांगितलं तर एक चांगलं साधन तिच्या हातून जाईल.

वळीव | बुधवार, दुपारी १:१०

तिठा, हे बरं झालं तुम्ही लिहिलंत. माझं 'कधीच' मागे घेते.

कागद दोन जातींचे असतात असं वाटतंय. एक बेताचा कागद: प्रस्ताव, आराखडा, पुस्तकाची मांडणी. तिथे माथा हा उगम आहे, खालचं सगळं त्यातून फुटतं. दुसरा साक्षीचा कागद: गावातल्या नोंदी, मुलाखती, पाहणी. तिथे उगम तळात. पाणी जिथून येतं तिथून दुसऱ्या टोकाला नेता येतं, उलटं नेता येत नाही. म्हणजे आधी विचारायचं ते हे, की या कागदाचा उगम कोणत्या थरात आहे.

अडचण अशी की आमच्या अहवालात दोन्ही एकत्र नांदतात. पहिली १५ पानं साक्षीची, शेवटची ७ 'पुढे काय करावे' म्हणून बेताची. साधनाला हा फरक माहीत नाही. त्याच्या लेखी सगळाच मजकूर सारखा. आणि माझी चूक अशी की मीही तो फरक कधी आखून ठेवला नव्हता.

सोनकी | बुधवार, दुपारी ३:३०

वकिलीतलं थोडं. निकालपत्राच्या वर शीर्षटीप असते, निकालाचा गोषवारा. ती बहुतेक वेळा निकालसंग्रहाचा संपादक लिहितो. ती निकालाचा भाग नाही, आधार घ्यायचा तर निकालातल्या परिच्छेदाचा, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९०६ च्या एका निकालात स्पष्ट केलं, आणि तिथे आजही निकालाच्या गोषवाऱ्यावर त्याच १९०६ च्या निकालाचा हवाला देऊन तसं छापलेलं असतं. माथ्यावरच 'मी मूळ नव्हे' अशी पाटी. वळीव, तुमच्या त्या एका पानावर अशी एक ओळ टाकता येईल.

दुसरं, प्रतिज्ञापत्र. पक्षकाराने सही केल्यावर त्यातला काना-मात्राही आम्ही बदलत नाही. चुकलं असेल तर दुसरं, पुरवणी प्रतिज्ञापत्र. तुमच्या तळातल्या नोंदी मला त्याच जातीच्या वाटतात, सही नसली तरी.

अनुस्वार | बुधवार, रात्री ९:५०

मी अनुवाद करते, त्यामुळे माझं लक्ष शब्दांकडे जातं. मराठीत काही बारके शब्द आहेत जे सारांशात पहिल्यांदा गळतात, आणि सगळा भार नेमका त्यांच्यावर असतो.

सगळ्यात आधी 'म्हणे'. आजींचं 'टँकर येतो म्हणं'. म्हणजे तिने टँकर पाहिलेला नाही, ऐकलं आहे. मी आज हेच वाक्य चार-पाच प्रकारे एआयला देऊन सारांश मागितला. दरवेळी 'म्हणे' गेलं आणि 'पाडव्यानंतर टँकरने पाणीपुरवठा होतो' असं ठाम विधान उरलं. ऐकीव गोष्ट दोन थर चढली की वस्तुस्थिती होते.

दुसरं, 'आम्ही' आणि 'आपण'. गावातला माणूस तुमच्यासमोर 'आम्ही बांध घातला' म्हणाला तर त्यात तुम्ही नाही, फक्त गाव आहे. 'आपण बांध घातला' म्हणाला तर गाव आणि संस्था दोन्ही. सारांशात दोन्हींचं 'बांध घालण्यात आला' होतं. श्रमदान कुणाचं आणि श्रेय कुणाचं, हा प्रश्नच पुसला गेला. बांध फुटल्यावर दुरुस्ती कुणी करायची हेही त्याच शब्दावर अवलंबून असतं.

आणि क्रियापदं. 'पाणी पुरायचं', 'पुरलं', 'पुरतं', 'पुरावं'. पहिल्यात जुन्या दिवसांची आठवण आहे, दुसऱ्यात एका वर्षाची गोष्ट, तिसऱ्यात नेहमीची, चौथ्यात आशा. सारांशात चारही 'पाणी पुरते' होऊन बसतात. दुष्काळी गावाच्या अहवालात या चौघांची गल्लत म्हणजे गावाचे चारही काळ एकाच रंगात रंगवणं.

मी हल्ली यंत्राला सारांश सांगतानाच बजावते: ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून ठेव, 'आम्ही-आपण' बदलू नकोस, काळ बदलू नकोस, कर्मणी वाक्य करू नकोस. बराच फरक पडतो. तरी शेवटी हाताने तपासावं लागतंच.

रेघ | बुधवार, रात्री १०:२०

अनुस्वार, 'आम्ही-आपण' हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे इंग्रजीवर पोसलेल्या मॉडेलला तिथे काही जपायचं आहे हे कळणं अवघड जात असावं. आपल्या कामात ही सूचना घालतो.

आडवाट | गुरुवार, सकाळी ८:१५

मी हवामानबदलाच्या अहवालांचं मराठीत काम करते. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, हिचे अहवाल हे थरांच्या कागदाचं सगळ्यात मोठं उदाहरण असेल. खाली हजारो पानांची प्रकरणं, त्यावर तांत्रिक सारांश, आणि माथ्यावर धोरणकर्त्यांसाठीचा सारांश. हा माथा देशोदेशींचे सरकारी प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ एकत्र बसून ओळीओळीने मंजूर करतात. त्यातल्या विधानांच्या शेवटी महिरपी कंसात खालच्या प्रकरणांचे आणि विभागांचे क्रमांक असतात. अनुवाद करताना मी कुठे अडले की त्या कंसातून खाली उतरते.

आता वळीव यांच्या प्रश्नाशी थेट जुळणारी गोष्ट. माथ्याची ओळ मंजूर होताना बदलली आणि खालच्या प्रकरणाशी तिचा मेळ बसेना, तर खालच्या प्रकरणातही बदल करण्याची सोय तिथे आहे. म्हणजे वरून खाली! पण तो बदल त्या प्रकरणाचे लेखकच करतात, तो फक्त सुसंगतीपुरता असतो, आणि अशा बदलांची यादी लेखी ठेवली जाते. आपोआप काही पाझरत नाही.

आणि तळ पवित्र असतो असंही मानू नका. २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची मोठी शक्यता आहे असं चुकीचं विधान आशियावरच्या प्रकरणात होतं. तळातच. धोरणकर्त्यांच्या सारांशात ते नव्हतं. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक मान्य केली. तेव्हा तळाला कुलूप लावताना, तिथली चूक कशी दुरुस्त करणार याचाही विचार हवा. गावातला माणूसही कधी चुकीचं सांगतो, आपणही चुकीचं ऐकतो.

देवराई | गुरुवार, सकाळी ११:४५

इतका वेळ नुसता वाचत होतो. आडवाट यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या कपाटात आहे: सातबारा.

वडील तलाठी होते, त्यामुळे हे कागद बघत वाढलो. जमीन विकली, वारस लागले, तर हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावरचं जुनं नाव खरवडून काढत नसत. त्याला कंस करायचे. नवीन नाव लिहायचे आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, क्रमांक टाकायचे. तो क्रमांक धरून गाव नमुना सहाच्या नोंदवहीत गेलं की बदल कधी झाला, कशावरून झाला, कुणी मंजूर केला, सगळं मिळायचं. बाबा म्हणायचे, कंसातलं नावसुद्धा वाचता आलं पाहिजे, नाहीतर तो कंस कशाला.

तुमच्या तळाला हेच लावा. नोंद चुकली असेल तर मिटवू नका, कंस करा. दुरुस्ती खाली लिहा, क्रमांक द्या, आणि वेगळ्या वहीत त्या क्रमांकापुढे कारण लिहा: 'पुन्हा फोन करून विचारलं', 'वहीत वेगळं होतं', वगैरे. यंत्राने सुचवलेला बदल असेल तर तो फक्त अर्ज. मंजुरी माणसाची. तारखेसह.

तिठा | गुरुवार, दुपारी १२:१०

देवराई, वा! हे कुठल्याही कार्यकर्तीला एका वाक्यात समजेल. गावात सातबारा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

रेघ | गुरुवार, दुपारी १२:४०

आमच्याकडे प्रोग्रामच्या नोंदी अशाच ठेवतात, कोणती ओळ कुणी कधी का बदलली. पण 'कंस आणि फेरफार' हे शब्द जास्त चांगले आहेत. वळीव, तुम्हाला साध्या तक्त्यात हे करता येईल. चार रकाने पुरतील: नोंदीचा क्रमांक, मूळ वाक्य, सुचवलेलं वाक्य, कारण. पाचवा मंजुरीचा. यंत्राला सांगायचं की तू फक्त तिसरा आणि चौथा रकाना भर.

वळीव | पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. हे दहा दिवस काय केलं ते सांगते.

आधी तळ परत उभा केला. साधनात जुन्या प्रती साठवलेल्या होत्या, पण जुळवणीच्या आधीची प्रत मिळाली ती अर्धवट. म्हणून वह्या घेऊन बसले आणि एकेक नोंद ताडली. प्रत्येक नोंदीला गावाचा आकडा आणि नोंदीचा आकडा दिला. बेताची ७ पानं वेगळ्या फाइलमध्ये काढली. तिथे वरून खाली जुळवायला मोकळीक ठेवली आहे आणि तिथे ते छान चालतं. तिठा, खर्चाचा तक्ता एकदाही चुकला नाही.

साक्षीच्या भागात यंत्र आता फक्त अर्ज करतं. पहिल्याच दिवशी माथ्याचं तेच वाक्य, 'पाच गावे टंचाईमुक्त', त्याला दिलं आणि विचारलं, खालच्या कोणत्या नोंदी याच्याशी जुळत नाहीत? क्रमांकासह यादी दे, बदलू काहीच नकोस. त्याने ११ नोंदी काढल्या. त्यांतल्या दोन उगीच होत्या, नऊ खऱ्या होत्या, आणि त्यांतल्या तीन माझ्याही नजरेतून सुटलेल्या. हे काम मला एकटीला इतक्या नेटाने जमलं नसतं, हे कबूल केलं पाहिजे. जे यंत्र विसंगती पुसत होतं, तेच विसंगती शोधायला बसवलं तर इतकं उपयोगी पडतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आजींच्या वाडीत फोन केला. त्यांच्या मुलाशी बोलले. पाडव्यापर्यंत आडाचं पाणी पुरलं हे खरं. टँकर पाडव्यानंतर लगेच नव्हे, तीन आठवड्यांनी सुरू झाला. ते तीन आठवडे बायका पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. हे आजींनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मूळ नोंदीला हात लावला नाही, खाली फेरफार घातला, कारण लिहिलं, तारीख टाकली. 'म्हणं' होतं म्हणून फोन करावासा वाटला. अनुस्वार, हे तुमच्यामुळे.

'मोटार दोन तास चालती' या नोंदीखालीही कंस न करता फक्त अर्थाची टीप दिली आणि वरच्या तिन्ही थरांत दुरुस्ती नेली. आता टिपणात आहे, 'मार्चमध्ये दोन तासांच्या उपशात विहीर कोरडी पडते.' तसंच शोधल्यावर आणखी चार गावांत तासांचा हाच घोळ निघाला.

माथ्याचं पान वरिष्ठांना दाखवलं. 'पाच गावे टंचाईमुक्त' काढून 'तीन गावांत मेअखेर पाणी पुरले. दोन गावांत पाडव्यापर्यंत' असं केलं आणि शेवटी कंसात नोंदींचे क्रमांक टाकले. ते म्हणाले, आकडे कशाला, पान भरल्यासारखं दिसतं. मी वही उघडून आजींची नोंद आणि तिच्याखालचा फेरफार दाखवला. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, राहू द्या. सोनकी, तुमची पाटीही टाकली आहे, पानाच्या तळाशी एक ओळ: 'हे पान सारांश आहे, आधार नोंदींचा.'

अनुस्वार | शनिवार, रात्री १०:०५

ते तीन आठवडे अहवालात आले का?

वळीव | शनिवार, रात्री १०:२०

आले. गावाच्या टिपणात सविस्तर, २२ पानी अहवालात एक वाक्य. माथ्यावर जागा नव्हती, पण 'पाडव्यापर्यंत'च्या पुढे त्या फेरफाराचा क्रमांक आहे.

देवराई | रविवार, सकाळी ७:५५

सगळ्या १४ गावांची ताडणी झाली का?

वळीव | रविवार, सकाळी ८:३०

१२ झाली. दोन गावांच्या वह्या सहकाऱ्याकडे आहेत, तो मंगळवारी रजेवरून येतो. तोवर त्या दोन गावांच्या ओळी माथ्यावर कंसात ठेवल्या आहेत.